एक आठवण सात वेळा, सफाई एकदाही नाही: रेल्समधल्या शेड्युलरचा माग

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर लगेच दिसेल. कोचिंग क्लासच्या फीची आठवण पालकांना एसएमएसने पाठवणारं तुमचं रेल्स (रूबी भाषेतल्या वेब-फ्रेमवर्कवरचं) ॲप्लिकेशन आहे. सर्व्हर दोन. प्रत्येकावर प्यूमा हा वेब सर्व्हर, त्याच्या तीन-तीन वर्कर प्रोसेस, प्रीलोड बंद. दुसऱ्या सर्व्हरवर साइडकिकची, म्हणजे क्यूतले (रांगेतले) जॉब उचलून मागे चालवणाऱ्याची, एक प्रोसेस. वेळापत्रक रूफस-शेड्युलर या रूबीच्या लायब्ररीत, आणि ते इनिशियलायझर्सच्या (ॲप्लिकेशन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलींच्या) फोल्डरमधल्या एका फाइलीत. तक्रारी चार: सकाळी ९ची आठवण एकेका पालकाला सात वेळा जाते, मागच्या मंगळवारी तर आठ वेळा गेली. जुनी लॉगिनची सत्रं (सेशन) साफ करणारा रोजचा जॉब जवळजवळ कधीच चालत नाही, फक्त रविवारी किंवा सोमवारी चाललेला दिसतो. १ तारखेला रात्री साडेबाराला तयार होणारा मासिक गोषवारा एक महिना मागचा येतो, जुलैऐवजी जूनचा. आणि एका पालकाला फी भरून आठवडा उलटल्यावर आठवण आली, ते चिडून क्लासवर आले. तुम्ही दर वेळी सगळं रीस्टार्ट करता, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

‘शेड्युलर बिघडलाय’ असं तुम्ही म्हणता. माझ्या मते शेड्युलर अगदी धडधाकट आहे. या चार तक्रारींची चार वेगवेगळी कारणं आहेत आणि ती एकाच दिवशी एकाच माणसासमोर आली म्हणून एक वाटतात. एकच औषध शोधत राहिलात तर सापडणार नाही. आणि रीस्टार्टचं म्हणाल तर पंचनामा व्हायच्या आधीच आपण जागा धुऊन काढतोय. कुठली प्रोसेस किती वेळ जिवंत होती, तिच्या आतला कुठला थ्रेड (कामाचा धागा) कुठे अडकला होता, सगळं त्यात पुसलं जातं. निदान कारण सापडेपर्यंत तरी हात आवरा.

सातपासून सुरुवात करू, कारण तो आकडाच बोलका आहे.

दुबार चालणाऱ्या जॉबची तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, नक्की किती वेळा? ‘खूप वेळा’ हे उत्तर चालत नाही. दोन, तीन, सहा, सात, जे असेल ते मोजून सांगा. कारण तो आकडा जवळजवळ नेहमी कुठल्या तरी प्रोसेसच्या संख्येशी जुळतो. तुमचे प्यूमाचे वर्कर दोन सर्व्हरवर मिळून सहा. प्रीलोड बंद असल्यामुळे प्रत्येक वर्कर स्वतंत्रपणे ॲप्लिकेशन लोड करतो, इनिशियलायझर चालवतो आणि आपापला रूफस सुरू करतो. सहा घड्याळं, ९ वाजता सहाही वाजतात. मग सातवं कुठलं? साइडकिक. बरेच जण हे विसरतात की साइडकिकची प्रोसेससुद्धा तेच रेल्स लोड करते, तेच इनिशियलायझर चालवते. सहा अधिक एक, सात.

आणि मंगळवारचे आठ? तुमच्याच प्रश्नात एक ओळ आहे, ‘मंगळवारी सकाळी मी सर्व्हरवर कन्सोल उघडून बघत होतो’. रेल्सचा कन्सोल म्हणजे ॲप्लिकेशनचीच आणखी एक प्रोसेस, तिनेही इनिशियलायझर चालवला. जॉब दुबार का जातो हे बघायला तुम्ही बसलात आणि आठवा एसएमएस तुमच्याच कन्सोलने पाठवला. हसू नका, हे मी स्वतः केलेलं आहे. फरक इतकाच की तेव्हा एसएमएस नव्हते, बिलं होती.

इथे कुणी तरी तुम्हाला सांगेल, ‘प्रीलोड चालू करा, सुटेल’. आकडा कमी होईल, हे खरं. प्रीलोडमध्ये ॲप्लिकेशन मास्टर प्रोसेसमध्ये एकदाच लोड होतं आणि मग फोर्क होतं, म्हणजे त्या प्रोसेसच्या प्रती निघून वर्कर बनतात. फोर्क करताना फक्त फोर्क करणारा थ्रेड पुढे जातो, बाकीचे थ्रेड नव्या प्रोसेसमध्ये येत नाहीत. म्हणून रूफसचा थ्रेड मास्टरमध्येच राहील आणि वर्करमध्ये तो मेलेला असेल. दोन सर्व्हरचे दोन मास्टर आणि साइडकिकचा एक, म्हणजे सातऐवजी तीन. यात काहीही दुरुस्त झालेलं नाही, फक्त पालकांचा राग थोडा कमी होईल. उद्या कुणी प्यूमाचं कॉन्फिग बदललं की आकडा पुन्हा हलेल. रूफसला लॉकफाइल (एका वेळी एकाच प्रोसेसला धरता येणारी फाइल) देता येते, त्याने एका यंत्रावर एकच घड्याळ राहतं. पण फाइल त्या यंत्रापुरती, तुमची यंत्रं दोन. म्हणजे किमान दोन एसएमएस ठरलेलेच.

रूफसला मी वाईट म्हणत नाही. ते एका प्रोसेसच्या पोटात चालणारं, मेमरीत राहणारं घड्याळ आहे आणि तसा दावाही ते स्वतः करत नाही की मी क्रॉनची (यंत्रावर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीची) जागा घेईन. कन्सोल, टेस्ट आणि रेक टास्क असताना शेड्युलर सुरू करू नका, अशी सूचना त्याच्या दस्तऐवजातच आहे. आपण ती वाचत नाही, नमुना कोड तेवढा उचलतो.

आता दुसरी तक्रार, सफाईची. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये आठवणीसाठी क्रॉनची ओळ आहे, सोबत एशिया/कोलकाता हा टाइम झोनही आहे, उत्तम. पण सफाईसाठी ‘एव्हरी’ वापरलंय, दर २४ तासांनी. हे २४ तास कधीपासून मोजले जातात? प्रोसेस सुरू झाल्यापासून. पहिली फेरी सुरुवातीला नसते, २४ तास भरल्यावर असते. तुम्ही सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी डिप्लॉय करता, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवता. प्रत्येक डिप्लॉयला प्रोसेस नवी, मोजणी शून्यापासून. कालपेक्षा आज पाच मिनिटं आधी डिप्लॉय झालं की २४ तास पुरे व्हायच्या आत घड्याळ मोडलं. शुक्रवारी डिप्लॉय झाल्यावर शनिवार-रविवार कुणी हात लावत नाही, म्हणून शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तो जॉब चालतो आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी-सोमवारी नोंदी बघताना तुम्हाला दिसतो. चांगली टीम, नियमित डिप्लॉय, आणि त्याचमुळे सफाई बंद. महिन्यातून एकदा डिप्लॉय करणाऱ्या आळशी टीमला हा दोष कधी कळणारच नाही.

‘एव्हरी’ हे ‘दर दोन मिनिटांनी क्यूची लांबी बघ’ अशा किरकोळ कामाला ठीक. ज्याला दिवसातली ठरावीक वेळ आहे त्याला क्रॉनचीच ओळ द्यावी. अर्थात क्रॉनची ओळ दिली म्हणून सुटका नाही, कारण नेमक्या ९ वाजता प्रोसेस रीस्टार्ट होत असेल तर ती वेळ हुकली ती हुकली. रूफसला कालचं काही आठवत नाही. याचा विचार पुढे करू.

तिसरी तक्रार माझी आवडती, कारण भारतात बसून रेल्स लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने या खड्ड्यात पाय घातलेला आहे.

तुमचा सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो. रेल्सच्या कॉन्फिगमध्ये तुम्ही टाइम झोन कोलकाता ठेवलाय. १ ऑगस्टच्या रात्री साडेबारा म्हणजे यूटीसीप्रमाणे ३१ जुलैचे संध्याकाळचे ७. आता तुमच्या कोडमध्ये ‘डेट.टुडे’ आहे. ते रूबीचं आहे, रेल्सच्या टाइम झोनशी त्याचं काही देणंघेणं नाही, ते सर्व्हरची तारीख सांगतं. सर्व्हर म्हणतो आज ३१ जुलै. तुम्ही त्याला विचारता ‘मागचा महिना?’ तो म्हणतो जून. बरोबरच आहे त्याचं. ‘डेट.करंट’ विचारलं असतं तर १ ऑगस्ट आलं असतं आणि मागचा महिना जुलै. तीच गोष्ट ‘टाइम.नाऊ’ आणि ‘टाइम.करंट’ची.

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री १२ ते पहाटे ५:३० हा पट्टा धोक्याचा. या साडेपाच तासांत सर्व्हरची तारीख एक दिवस मागे असते. आणि नेमकी याच पट्ट्यात आपण सगळी ‘रात्रीची कामं’ लावतो, कारण तेव्हा गर्दी नसते! लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो. ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य इथे शब्दशः खरं असतं. मी गेली काही वर्षं लॅपटॉपवरसुद्धा टर्मिनलमध्ये टीझेड हे व्हेरिएबल यूटीसी ठेवूनच रेल्स चालवतो. आधी चिडचिड होते, मग सवय होते, आणि असे दोष संध्याकाळच्या चहाच्या आत सापडतात.

याच्यात एक गंमत आणखी आहे. रेल्सने जोडलेलं ‘डेट.यस्टरडे’ हे ‘डेट.करंट’वरून मोजलं जातं. म्हणजे त्या साडेपाच तासांत तुमच्या सर्व्हरवर ‘डेट.टुडे’ आणि ‘डेट.यस्टरडे’ एकच तारीख सांगतात. कुणाला पटत नसेल तर पहाटे ३ वाजता कन्सोलवर बघावं. अर्थात, कन्सोल उघडण्याआधी रूफसचा बंदोबस्त करून!

आणि कोड सुधारल्यावर थांबू नका, एसक्यूएलही (डेटाबेसला विचारलेल्या क्वेरी) बघा. रेल्स डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत साठवतं. गोषवाऱ्याच्या क्वेरीत तुम्ही सरळ क्रिएटेड-ॲटची (नोंद झाल्याच्या वेळेची) तारीख काढून ग्रुप केलंत तर रात्री १ वाजता ऑनलाइन फी भरणाऱ्या पालकाची फी आदल्या दिवसात जमा दिसेल. महिन्याच्या सीमेवर ती आदल्या महिन्यात जाईल आणि हिशेब बघणारे तुमच्याकडे ‘काही रुपये जुळत नाहीत’ म्हणून येतील. सीमा रूबीत ठरवा: महिन्याची सुरुवात आणि शेवट टाइम झोनसकट काढा आणि क्वेरीला ‘यापासून यापर्यंत’ अशा दोन वेळा द्या.

चौथी तक्रार, आठवड्याने आलेली आठवण. इथे रूफस नाही, साइडकिक आहे, आणि तेही सांगितलेलंच काम करतंय. तुम्हीच लिहिलंय की त्या आठवड्यात एसएमएस गेटवेचं (एसएमएस पोचवणाऱ्या सेवेचं) बॅलन्स संपलं होतं आणि नंतर भरलं. जॉबमध्ये एरर आली की साइडकिक तो फेकून देत नाही, रिट्रायच्या (पुन्हा प्रयत्न करायच्या) यादीत ठेवतं. न सांगितल्यास २५ प्रयत्न. दोन प्रयत्नांमधलं अंतर प्रयत्नाच्या क्रमांकाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यात १५ सेकंद आणि थोडी यादृच्छिक भर. सुरुवातीचे प्रयत्न १५-२० सेकंदांत, पाचवा-सहावा काही मिनिटांनी, आणि शेवटच्या प्रयत्नाआधी जवळजवळ चार दिवसांची वाट. सगळे मिळून साधारण तीन आठवडे. बॅलन्स भरलं, पुढचा प्रयत्न यशस्वी झाला, एसएमएस गेला. मध्यंतरी पालकांनी फी भरली होती हे जॉबला कुणी सांगितलंच नव्हतं.

बिघाड दुरुस्त करायला माणसाला वेळ मिळावा म्हणून तीन आठवडे ही मुदत आहे, आणि ज्या कामाला शिळेपण येत नाही त्याला ती उत्तम. आठवण शिळी होते. तेव्हा या जॉबला दोन गोष्टी करा. रिट्राय तीन-चारवर आणा. आणि जॉबच्या पहिल्याच ओळीत डेटाबेसला पुन्हा विचारा: फी अजून बाकी आहे का, आणि आजची तारीख ज्या दिवसासाठी हा जॉब टाकला तोच दिवस आहे का? नसेल तर गुपचूप बाहेर पडा. क्यूत टाकतानाची परिस्थिती आणि चालतानाची परिस्थिती एकच असेल हे कधीच धरू नये.

गेटवेचा विषय निघाला म्हणून सांगतो. अनेक गेटवे एरर आली तरी उत्तर २००चं, म्हणजे ‘सगळं ठीक’ या कोडचं देतात आणि खरी रड मजकुरात लिहितात: बॅलन्स नाही, किंवा मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे नमुने नोंदवायच्या व्यवस्थेत) नोंदवलेल्या टेम्पलेटशी जुळत नाही. तुमचा कोड २०० बघून खूश, साइडकिक खूश, पालकाला काहीच नाही. ‘जॉब गेला पण एसएमएस गेला नाही’ अशी तक्रार पुढे आलीच तर शेड्युलर उघडण्याआधी गेटवेचं उत्तर जसंच्या तसं लॉगमध्ये टाका.

आता दुरुस्ती. घड्याळ वेब प्रोसेसमधून बाहेर काढा, हे पहिलं. पर्याय तीन आहेत आणि तुमच्यासाठी माझं मत साइडकिक-क्रॉनला (साइडकिकला वेळापत्रक जोडणाऱ्या लायब्ररीला) आहे, कारण साइडकिक आणि त्याची क्यू साठवणारा रेडिस हा डेटाबेस आधीच आहेत. उद्या साइडकिकच्या चार प्रोसेस झाल्या तरी एका वेळेचा जॉब एकदाच क्यूत पडेल याची काळजी ते रेडिसच्या आधाराने घेतं. वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीत झोन लिहा. ‘सर्व्हर कुठल्या झोनवर आहे’ हा प्रश्न कुणाला पडायलाच नको. आणि फाइलमधून एखादी ओळ काढलीत म्हणून रेडिसमधली नोंद गेलीच असं धरू नका, साइडकिकच्या पानावर क्रॉनच्या टॅबमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा.

दुसरा पर्याय यंत्राचा स्वतःचा क्रॉन, व्हेनएव्हर या जेमने (रूबीच्या लायब्ररीने) लिहिलेला. साधा आणि दणकट, पण त्याचे दोन सापळे आहेत. दोन सर्व्हर असतील तर क्रॉनटॅब (क्रॉनच्या वेळापत्रकाची फाइल) एकाच सर्व्हरवर जायला हवा. कॅपिस्ट्रानो या डिप्लॉयच्या साधनासोबत व्हेनएव्हर मुळात डीबी या रोलच्या सर्व्हरवरच लिहितं, पण कुणी हौसेने दोन्ही सर्व्हरना तो रोल दिला असेल तर आठवण दोनदा. दुसरा सापळा आरबीएनव्हीचा (रूबीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचा). उबुंटूची बॅशआरसी फाइल, म्हणजे शेलची मांडणी करणारी, सुरुवातीलाच तपासते की शेल संवादी आहे का, नसेल तर तिथूनच परत फिरते. आरबीएनव्हीच्या ओळी बहुतेकांनी त्याच फाइलीच्या शेवटी टाकलेल्या असतात. हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनने चालवलं तर ‘बंडल सापडत नाही’. आणि ती एरर क्रॉन सर्व्हरवरच्या मेलबॉक्समध्ये टाकतो, किंवा मेलची सोय नसेल तर टाकतही नाही. क्रॉनच्या नावाने फुटणारी निम्मी खापरं खरं तर पाथची (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या यादीची) असतात.

तिसरा सॉलिड क्यू, रेल्स ८ सोबत येणारा, जॉब डेटाबेसमध्ये ठेवणारा. त्यात वेळापत्रकातलं काम आणि त्याची वेळ या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा) असतो, त्यामुळे अनेक शेड्युलर असले तरी जॉब एकदाच पडतो. नवं ॲप्लिकेशन असतं तर मी तोच म्हटलं असतं. पण घर पेटलेलं असताना नवं घर बांधायला काढू नका.

यातला कुठलाही घेतलात तरी एक भोक उरतं: नेमक्या ९ वाजता सगळंच बंद असलं तर? तासभर बंद पडलेला शेड्युलर उठल्यावर त्या तासातलं काम आपण होऊन भरून काढेल यावर मी कधी विसंबत नाही. म्हणून मी जॉबची रचनाच उलटी करतो. आत्ता तुमचा जॉब म्हणतो, ‘९ वाजले, सगळ्यांना पाठव’. त्याऐवजी सकाळी ९ ते ११ दर १५ मिनिटांनी एक छोटा जॉब चालवा, जो डेटाबेसला विचारेल, ‘आज ज्यांना आठवण जायला हवी आणि अजून गेलेली नाही असे कोण?’ घड्याळाने नुसती हाक मारायची, काय राहिलंय ते टेबलाने सांगायचं. ९ला सर्व्हर झोपलेला असला तर सव्वानऊला काम होईल. हाक दोनदा ऐकू आली तरी दुसऱ्या वेळी यादी रिकामी असेल.

त्यासाठी आठवणींचं एक टेबल करा: विद्यार्थी, देय तारीख, आठवणीचा प्रकार. या तिन्हींवर मिळून युनिक इंडेक्स. डेटाबेसमधला खरा इंडेक्स हवा, मॉडेलमधलं व्हॅलिडेशन (कोडमधली तपासणी) पुरत नाही, कारण दोन प्रोसेस एकाच क्षणी ‘नाहीये ना अशी नोंद?’ विचारतात, दोघींना ‘नाही’ मिळतं आणि दोघी लिहितात. आधी नोंद घाला, इंडेक्सने अडवलं तर मुकाट्याने थांबा, नोंद झाली तर एसएमएस पाठवा, मग नोंदीवर ‘गेला’ लिहा. नोंद घालून झाल्यावर आणि एसएमएस जाण्याआधी प्रोसेस मेली तर तो एसएमएस राहील, आणि ‘पाठवतोय’ अवस्थेत अडकलेली ती नोंद तुम्हाला दिसेल. गेटवेने स्पष्ट नकार दिला असेल तर रिट्रायला तीच नोंद पुन्हा वापरा, नवी घालू नका. एसएमएस आणि डेटाबेस यांना एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा व्यवहारात) बांधता येत नाही, त्यामुळे ‘क्वचित राहील’ की ‘क्वचित दोनदा जाईल’ यातलं एक निवडावंच लागतं. आठवणीसाठी मी राहिलेलं पत्करतो. बँकेत रक्कम जमा करायची असती तर निवड वेगळी आणि हे उत्तर दुप्पट लांब झालं असतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या कोडमध्ये दिसली जी अजून चावली नाही, पण चावेल. एकच जॉब सगळ्या पालकांवर लूप फिरवतो. डिप्लॉयच्या वेळी साइडकिकला टर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ हा सिग्नल जातो. त्यानंतर चालू जॉब संपवायला ते २५ सेकंद देतं. तेवढ्यात न संपलेला जॉब ते रेडिसमध्ये परत ठेवतं आणि नवी प्रोसेस तो पहिल्यापासून चालवते. तुमच्या आठशेच्या यादीत तीनशेव्या पालकावर डिप्लॉय झालं तर पहिल्या तीनशेंना पुन्हा एसएमएस. यादी काढणारा जॉब वेगळा ठेवा आणि प्रत्येक पालकासाठी एक चिमुकला जॉब टाका, त्याला फक्त आयडी आणि तारीख द्या. अख्खा ऑब्जेक्ट कधीच देऊ नका.

हे २५ सेकंदसुद्धा मिळतील याची खात्री करा. पुढे कधी डॉकरवर (ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनावर) गेलात तर लक्षात ठेवा, डॉकर स्टॉप न सांगितल्यास १० सेकंदच थांबतो आणि मग प्रोसेस ठार करतो. साइडकिकला आवराआवर करायला वेळच मिळत नाही. मोफत आवृत्ती रेडिसच्या क्यूतून जॉब काढून घेते आणि मग चालवते, त्यामुळे असा मारला गेलेला जॉब कुठेच राहत नाही. ना क्यूत, ना रिट्रायमध्ये, ना मेलेल्यांच्या यादीत. मेमरी संपल्यावर लिनक्सने प्रोसेस मारली तरी तेच. ‘काही जॉब हवेत विरतात’ अशी तक्रार असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये ओओएम (‘मेमरी संपली’चं लघुरूप) शोधा, बऱ्याचदा तिथे उत्तर असतं.

हवेत विरण्यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. एका गिऱ्हाइकाकडे निम्मे जॉब गायब होत. निम्मे म्हणजे अगदी मोजून निम्मे. पुन्हा तेच, आकडा बघा. निम्मे म्हटल्यावर मी कोड वाचलाच नाही, कुणी दुसरा त्याच क्यूतून उचलतोय का ते बघितलं. स्टेजिंगचं (चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीचं) साइडकिक त्याच रेडिसच्या त्याच शून्य नंबरच्या डेटाबेसला जोडलेलं होतं. दोन प्रोसेस, एक क्यू, निम्मी वाटणी. स्टेजिंगवर त्या आयडीचे रेकॉर्डच नव्हते, त्यामुळे तिथल्या लॉगमध्ये ‘रेकॉर्ड सापडलं नाही’च्या रांगा लागल्या होत्या, आणि स्टेजिंगचे लॉग बघतो कोण? तुमचं स्टेजिंग वेगळ्या रेडिसवर आहे का, ते आजच बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

‘रेकॉर्ड सापडलं नाही’ प्रॉडक्शनच्या (खऱ्या वापरातल्या ॲप्लिकेशनच्या) लॉगमध्येही दिसेल, आणि रिट्रायला तोच जॉब गुण्यागोविंदाने पार पडेल. ते दुसरं प्रकरण आहे. ट्रान्झॅक्शन कमिट (पक्कं) होण्याआधी जॉब क्यूत पडतो, साइडकिक इतकं चपळ की ते रेकॉर्ड दिसायच्या आत पोचतं. जॉब टाकायला आफ्टर-सेव्हऐवजी कमिटनंतर चालणारं आफ्टर-कमिट वापरा.

ई-मेल जात नसतील तर क्यूचं नाव बघा. जुन्या रेल्समध्ये ई-मेल मागून पाठवणारं डिलिव्हर-लेटर ‘मेलर्स’ नावाच्या क्यूत टाकतं आणि साइडकिकला सांगितलं नसेल तर ते फक्त ‘डीफॉल्ट’ उचलतं. सगळे थ्रेड कामात आणि क्यू हलत नाही असं झालं तर रीस्टार्टआधी साइडकिकच्या प्रोसेसला टीटीआयएन सिग्नल पाठवा, प्रत्येक थ्रेड नेमका कुठल्या ओळीवर बसलाय ते लॉगमध्ये येईल. दहापैकी नऊ वेळा तो टाइमआउट न दिलेल्या एखाद्या एचटीटीपी कॉलवर बसलेला असतो. आणि कनेक्शनचा टाइमआउट येत असेल तर डेटाबेस पूल (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांची संख्या) आणि साइडकिकचे थ्रेड मोजून बघा, पूल लहान नसावा.

आता आज रात्री काय करायचं ते. रूफसची फाइल आजच काढून टाका, उद्याची आठवण ९ वाजता हाताने एकदा पाठवा, त्यात कमीपणा नाही. ‘डेट.टुडे’ आणि ‘टाइम.नाऊ’ अख्ख्या कोडमध्ये शोधा आणि एकेक वाचून बदला, डोळे मिटून नको, कारण काही ठिकाणी यूटीसीच हवा असू शकतो. मग चार ठिकाणी लॉगची एकेक ओळ टाका: घड्याळ वाजलं तेव्हा, जॉब क्यूत पडला तेव्हा, चालू झाला तेव्हा, संपला तेव्हा. प्रत्येक ओळीत यंत्राचं नाव, प्रोसेसचा नंबर, जॉबचा आयडी आणि दोन्ही झोनमधली वेळ. पुढच्या वेळी काही चुकलं तर चारपैकी कुठली ओळ नाही एवढंच बघायचं. पहिलीच नसेल तर घड्याळ, दुसरी नसेल तर रेडिस, तिसरी नसेल तर क्यू किंवा वर्कर, चौथी नसेल तर तुमचा कोड किंवा गेटवे.

शेवटी एक पहारेकरी, आणि तो ॲप्लिकेशनच्या बाहेर हवा. यादी काढणाऱ्या जॉबने फेरी पूर्ण झाल्यावर बाहेरच्या एखाद्या देखरेख सेवेला एक विनंती पाठवायची. साडेनऊपर्यंत ती आली नाही तर सेवेने तुम्हाला फोनवर उठवायचं. साइडकिक बंद पडल्याची बातमी साइडकिकनेच द्यावी अशी व्यवस्था मी दोन ठिकाणी पाहिली आहे.

येत्या १ तारखेला रात्री साडेबाराच्या गोषवाऱ्याच्या त्या चार ओळी मला पाठवा. आणि दोन्ही सर्व्हरवर आत्ता, प्यूमाचे मास्टर सोडून, रूबीच्या किती प्रोसेस चालू आहेत ते मोजून सोबत लिहा. सातच्या जागी दुसरा आकडा आला तर मला आणखी एक प्रश्न विचारावा लागेल.